खंडेनवमीची लाल गाडी

उत्तमरावांनी इचोड्याजवळ हायवेला ढाबा टाकला आणि त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला: ढाब्यासमोर आमच्या पांडुरंगकाकांची लाल गाडी हवी. नुसती उभी नाही, विटांच्या चौथऱ्यावर, चाकं सिमेंटात रुतवून, भोवती कुंड्या मांडून. लोक फोटो काढतील आणि आत येऊन जेवतील. चौथरा बांधूनही झाला होता.

गाडी दोन सीटांची, बिनछपराची, इटलीत तयार झालेली, माझ्याहून वयाने मोठी. काकांनी ती हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या घरून आणली आणि आमच्या गावच्या, बाजारहत्नूरच्या, रस्त्यांवर भरपूर मिरवली. ते गेल्यापासून ती शेडमध्ये झाकून होती. आता मालकी आशाकाकूंची. त्यांनी उत्तमरावांना शब्द दिला होता, "दसऱ्यापर्यंत चालली तं गाडी राहीन घरी. नाई तं घेऊन जा. मेलेली गाडी रोज पाहवत नाई मले."

मी चारुशीला, काकूंची पुतणी, आदिलाबादला बँकेत नोकरीला. मला राग लवकर येतो आणि आला की मुक्कामाला राहतो. ज्या गाडीत बसून लहानपणी मी अख्ख्या गावाकडे तोऱ्यात पाहिलं, तिला हा माणूस सिमेंटात गाडणार? मी रजा टाकली आणि ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्या नागेशला गाठलं.

आम्ही नवी बॅटरी बसवली, कार्ब्युरेटर धुतले, प्लग बदलले. इंजिन असं गरजलं की शेजारच्या कोंबड्या कुंपणापार गेल्या. आनंद वेशीपर्यंत टिकला. वेशीवर गाडी खोकली आणि बंद. जरा वेळ थांबलो तर पुन्हा चालू, पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा बंद.

नागेश म्हणे पेट्रोलचा पंप गेला. उघडला तर पंप ठणठणीत. मी म्हणे कॉइल तापते. कॉइल बदलली, फरक शून्य. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मग आम्ही पेट्रोललाच नावं ठेवली. शेवटी पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून, गाडी बंद पडल्या पडल्या, मी टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने सूं करून हवा आत ओढली.

"ऐकलं का, नागेशभाऊ?"

"ऐकलं नं ताई. टाकीचा दम कोंडून राह्यला."

पेट्रोल खर्ची पडलं की त्याच्या जागी हवा यावी लागते, नाहीतर पेट्रोल पुढे सरकत नाही. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. आमच्या झाकणावर हळदीकुंकवाचा थर होता, दगडासारखा घट्ट. काकू दर खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, विहिरीवरचं इंजिन यांच्याबरोबर गाडीचीही पूजा करत. चकचकीत झाकण त्यांना गाडीचं कपाळ वाटे. मी सुईने भोक मोकळं केलं आणि गाडी वेस ओलांडून पार ओढ्यापर्यंत गेली. मला नाचावंसं वाटलं.

पण गेली ती एकाच गिअरमध्ये. क्लच सुटतच नव्हता. पेडल दाबा, न दाबा, गिअर बदलायला गेलं की आतून करकर दात खाल्ल्याचा आवाज. गाडी बंद करून पहिल्यात टाकायची, चावी मारायची आणि गचके खात निघायचं. अशी गाडी कोणी चालती म्हणेल का? नागेशने क्लचच्या पंपातले रबर बदलले. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तीच करकर. उघडलं तर नवे रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगलेले.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. उत्तमरावांचा फोन आला, उद्या क्रेन घेऊन येतो. मी बॉनेटवर डोकं टेकून बसले होते. काकू ताट घेऊन आल्या. झाकणाला कुंकू लावू दिलं नाही म्हणून जरा फुरंगटल्या, मग बॉनेट उघडायला लावलं आणि आतल्या छोट्या डबीचं बूच काढून विहिरीवरच्या इंजिनाचं तेल त्यात चमचाभर सोडलं.

नागेश हातातला पाना टाकून धावत आला. "काकू, हे काऊन टाकून राह्यल्या?"

"काऊन म्हणजे? सगळ्या हत्यारायले तेल देतो, तसं हिलेबी. तुमचे काका गेल्यापासून दरसाल देतो."

ती डबी क्लचची. तिच्यात ब्रेकचं तेल लागतं; इंजिनाच्या तेलाने रबर फुगतो. नागेशने रबर बदलले खरे, पण नळीतलं जुनं तेल तसंच राहिलं होतं. मी तोंड उघडलं होतं आणि जे बाहेर पडणार होतं ते सणाच्या दिवशी बोलण्यासारखं नव्हतं. पण काकू पदराने गाडीचा आरसा पुसत होत्या, आणि मी गिळलं.

नागेशने सगळी नळी स्पिरिटने धुतली, शेवटचे रबर घातले, ताजं तेल भरलं. मी पेडल मारत राहिले, तो नळीतली हवा काढत राहिला. संध्याकाळी पेडल पायाखाली घट्ट लागलं. पहिला गिअर पडला, दुसरा, तिसरा. कुठे आवाज म्हणून नाही.

दसऱ्याला क्रेन यायच्या आत आम्हीच ढाब्यावर पोचलो. काकू शेजारच्या सीटवर, ठेवणीतलं लुगडं नेसून, केस वाऱ्याने विस्कटलेले. उत्तमराव क्रेनवाल्याशी बोलत उभे होते. मी मुद्दाम गिअर बदलत दोन चकरा मारल्या. आयुष्यात इतकी सुखी मी क्वचितच झाले असेन.

"काकू, चालली तुमची गाडी," उत्तमराव पडल्या आवाजात म्हणाले. "नेतच नाई मी."

काकू उतरल्या आणि माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "सरक."

"काऊन, काकू?"

"तुह्या काकानं मले हिची पूजा करू देली. स्टेअरिंगले हात नाई लावू देला कदी. सरक तिकडं."

मी सरकले. ढाब्यासमोरचं मैदान मोकळं होतं. मी सांगितलं तसा त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि पाय हळूहळू उचलला. गाडी थरथरली आणि निघाली. काकू वाटेत उभ्या असलेल्या उत्तमरावांना म्हणाल्या, "बाजूले व्हा," आणि ते झाले.