उलटा चालणारा

मोठी काच न्यायची तर दोघे लागतात, आणि त्यातल्या एकाला उलटं चालावं लागतं. समोर तोंड असलेला बघतो आणि हाक देतो: पायरी, उंबरा, डावीकडे. उलटा चालणारा त्या हाकेवर पाऊल टाकतो. मागे वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, आणि खांदा वळला की काच गेलीच म्हणून समजा. काचवाल्याने आपल्या दोन्ही मुलांना हे त्यांच्या पाटी-पेन्सिलीच्या वयातच शिकवलं होतं.

मुलं मोठी झाली आणि दोघांच्या डोक्यात राजकारण शिरलं. सगळा देश शाळेच्या रांगेसारखा सरळ उभा करायला निघालेल्यांत थोरला गेला. शाळाच पाडायला निघालेल्यांत धाकटा. एकाच्या टोळीत प्रश्न विचारायची सोय नव्हती, दुसऱ्याच्या टोळीत गप्प बसायची. आधी जेवताना वाद, मग जेवणंच वेगळी, शेवटी अबोला. थोरला धाकट्याला खोटारडा म्हणायचा, धाकटा थोरल्याला हुजऱ्या.

"ज्याने त्याने आपल्या डोक्याने चालावं, माझी ना नाही," काचवाला म्हणायचा. "पण काचेला हात लागला की तोंडातून फक्त हाक निघाली पाहिजे."

दोघांनी आपापली पत्रकं दुकानाच्या दर्शनी काचेवर लावायला आणली, तेव्हा त्याने दोघांनाही वाटेला लावलं. गल्लीने त्याचं नाव 'तळ्यात-मळ्यात' ठेवलं. त्याला त्याचं दुःख नव्हतं. उलट, आपण कुणाच्याच बाजूचे नाही याचा त्याला बऱ्यापैकी तोरा होता.

एका मोर्चाच्या दुपारी त्या कोऱ्या काचेवर दगड आला. थोरला म्हणाला, त्यांनी मारला. धाकटा म्हणाला, यांनी. काचवाल्याने तुकडे गोळा केले आणि मनाशी ठरवलं, नवी काच या दोघांनीच आणायची. दोघांचे हात एका काचेला लागले तर घर अजूनही सांधलं जाईल, असं त्या भाबड्याला वाटत होतं. त्याला आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं.

दोघं आले, एकमेकांकडे न बघता. टेम्पोतून काच उतरवली. थोरला उलटा, धाकटा समोर. काचवाला आत चौकटीवरची, काच चिकटवायची जुनी लांबी खरवडत होता. पावलं जवळ आली आणि एकदम काच फुटल्याचा आवाज झाला. थोरला पायरीला अडखळून पडला होता आणि त्याच्या उजव्या मनगटातून रक्त वाहत होतं.

"हाक का नाही दिलीस?" काचवाल्याने धाकट्याला विचारलं.

"दिली, बाबा. पायरी म्हणालो मी."

"मला नाही ऐकू आली."

"तुम्ही खरवडत होता."

"भावाचा जीव घ्यायला निघालास. पुन्हा तोंड दाखवू नकोस मला."

 नळावर हात धुऊन धाकटा निघून गेला.

पट्टी सुटली तेव्हा थोरल्याची बोटं मिटत नव्हती. दवाखान्याच्या खाटेवर त्याने ती डाव्या हाताने मिटवून बघितली. मग म्हणाला, "बाबा, त्याने हाक दिली होती."

"काय?"

"नीट ऐकली मी. वाटलं, मला पाडायलाच म्हणतोय. म्हणून पाऊल उचललं नाही."

 काचवाला तसाच उठला आणि धाकट्याच्या खोलीवर गेला. मुलापुढे हात जोडायची वेळ येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, पण त्याने जोडले.

"चुकलो रे. दादाने सांगितलं सगळं."

"दादाचं मी समजू शकतो," धाकटा म्हणाला. "माझं सगळंच खोटं असतं, हे त्याला त्याच्या लोकांनी शिकवलं. तुम्हाला कुणी शिकवलं, बाबा?"

  "चौकट अजून रिकामी आहे," एवढंच काचवाल्याला सुचलं. "एकट्याने होत नाही."

धाकट्याने चपला घातल्या.

दुसरी काच घेऊन आलेल्या टेम्पोपाशी त्याने विचारलं, "उलटं कोण चालणार?"

"मी," काचवाला म्हणाला. तो मुद्दामच म्हणाला.

काच उचलली गेली. पारदर्शक काचेपलीकडे मुलाचा चेहरा होता, वाळलेला, दाढी वाढलेला. काचवाल्याचं मन भरून आलं. या पोराच्या हाकेवर आपण डोळे मिटून विहिरीतही उतरू, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"सरळ," धाकटा म्हणाला. "थोडं उजवीकडे. आता पायरी."

आणि काचवाल्याची मान वळली. थोडीशीच. पायरी तिथेच होती.

काचेला काही झालं नाही. धाकट्याने ती तोलून धरली, चौकटीत बसवली, कडेने लांबी भरली, बोटांचे ठसे पुसले. काम नेहमीसारखंच चोख.

"मान अवघडली होती रे," काचवाला म्हणाला. "वय झालं आता."

"हो, बाबा," धाकटा म्हणाला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. मग नळावर हात धुऊन तो पायरी उतरला.

काचवाला आत उभा राहिला. नव्या काचेतून मुलगा गल्लीच्या वळणापर्यंत स्वच्छ दिसत होता. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही.