कोरडी पिकदाणी

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. मुरडलीत ना नाकं? मुरडा, मला सवय आहे. पण मित्रांनो, मुरडून झालं की दोन मिनिटं ऐका.

एका तांबटाने पत्रा ठोकून ठोकून मला गोल पोट दिलं आणि वर नरसाळ्यासारखं तोंड बसवलं. म्हणजे शिंतोडे उडत नाहीत आणि आतलं कुणाला दिसतही नाही. पुढे याच तोंडाने घात केला.

मला विकत घेतलं एका लेखकाने. गावोगावच्या वाइनवर त्याला मोठं पुस्तक लिहायचं होतं. वाइन चाखणाऱ्यांची एक रीत असते. घोट तोंडात घोळवायचा, चव ओळखायची आणि थुंकून टाकायचा. नाहीतर दुपारपर्यंत माणूस आडवा! त्यात या लेखकाचे वडील दारूपायी गेलेले. म्हणून निघतानाच बायकोने बजावलं, "गाडी मी चालवीन. तू हवं ते चाख. पण घोट घशाखाली गेला, की मी माहेरी."

द्राक्षांचे मळेवाले तिला वहिनी म्हणत, मीही तेच म्हणते. सुरुवातीचे महिने काय सुखाचे होते! ओलसर तळघरं, पिंपांच्या रांगा, आणि संध्याकाळी मी गळ्यापर्यंत भरलेली. वहिनी मला मोरीत रिकामी करायची, घासायची आणि म्हणायची, "बाई गं, तुझ्या जिवावर माझा संसार चाललाय."

मग एका म्हाताऱ्या मळेवाल्याने जुनी बाटली उघडली. "अहो, ही थुंकायची नसते हो!" वहिनी बाहेर गाडी वळवत होती. लेखकाने भिडेखातर घोट गिळला. दुसऱ्या दिवशी भीड कुणाचीच नव्हती, तरी गिळला. म्हणे, अभ्यासासाठी! मेला अभ्यास!

मी कोरडी पडू लागले. ते कळू नये म्हणून तो वहिनीला म्हणाला, "तू दमतेस, आजपासून मी घासतो." बाथरूममध्ये नळ मोठा सोडायचा आणि मला कोरडीच बाजूला ठेवायचा. वहिनी बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, पिकदाणीसुद्धा स्वतः घासतो हल्ली. प्रवासाने सुधारला बघ." त्याच्या तोंडाला वाइनचा वास तर आधीपासूनच यायचा, कामच तसं होतं. ती बिचारी हरखली होती आणि मला ओरडता येत नव्हतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

एकदा एका मळ्यावरून निघायची घाई होती आणि लेखक आत गप्पा छाटत बसला होता. मला ओतून टाकावं म्हणून वहिनीने भरलेल्या भांड्याच्या बेताने दोन्ही हातांनी उचललं. मी इतकी हलकी, की तिचा तोलच गेला. तिने मला उलटी केली. काहीच पडलं नाही.

"आत्ताच ओतून आलो मी," लेखक दारातून म्हणाला.

तिने आत बोटं घातली. "आत धूळ आहे रे."

"तुला काय कळतं वाइनमधलं? शेवटची चव घशातच कळते!"

वहिनी भांडली नाही. तिने गाडीची किल्ली मळेवाल्याकडे दिली. "यांना आज देऊ नका," एवढंच म्हणाली आणि बॅग घेऊन बसने गेली. परत आली नाही.

पुस्तक निघालं. गाजलं म्हणतात. आता लेखकाच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात मी उभी असते. तो रोज समोर बसून पितो. पाहुणे आले की मला दाखवतो, "बघा, एवढी फिरली, पण कशी नव्यासारखी आहे!" आणि पाहुणेही म्हणतात, "वा, काय निगा राखलीय!"

निगा? डोंबल! मित्रांनो, वस्तूला चकचकीत ठेवणं म्हणजे निगा नव्हे. तिला तिचं काम करू द्या. मला कपाटातून काढा आणि कुणीतरी माझ्यात थुंका हो!