पाणाड्याची पाळी

"मनोहरराव, दार उघडलं का? मले काहीच दिसून नाई राहिलं."

देवराव माझ्या खांद्यावरून मान लांब करून पाचव्यांदा विचारत होते.

"उघडलं असतं तर आपण आत नसतो का?" मी म्हणालो.

"धीर धरा न देवराव," इंदूबाई म्हणाल्या, "दोन वर्सं थांबले, आता घटकाभर काहून थांबवत नाई?" आणि एवढं बोलून त्या स्वतःच टाचा उंच करून दाराकडे पाहू लागल्या.

डिसेंबरातली गारठ्याची सकाळ. नागपूरच्या महाल भागातल्या त्या चिंचोळ्या गल्लीत पस्तीस-चाळीस चांगली पोक्त माणसं एका छापखान्याच्या बंद दारासमोर उभी होती, आणि एकालाही त्याची लाज वाटत नव्हती. एक वकीलसाहेब तर काळ्या कोटातच आले होते. उमरेडचे दोघे भाऊ पहिल्या एसटीने येऊन सगळ्यांच्या पुढे उभे होते, त्यामुळे बाकीचे त्यांच्यावर खार खाऊन होते. आज 'भुयार'चा चौथा भाग निघणार होता!

ज्यांना 'भुयार' ठाऊक नाही त्यांची मला कीव येते, पण सांगतो. छापखान्याचे मालक चंपतराव दर दोन वर्षांनी हा खेळ काढत. सतरंजीएवढा नकाशा, चिठ्ठ्यांचा गठ्ठा, एक फासा आणि नियमांचं पुस्तक. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि ते भागामागून भाग पुढे न्यायचं. इंदूबाई सरकारी दवाखान्यात नर्स, खेळात सेनापती. मी शाळेत कारकून, खेळात वैद्य. देवराव पंपमिस्त्री, आणि खेळात पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी हुडकणारा. दर रविवारी दुपारी कळमन्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात पंपांच्या जळक्या मोटारी आणि तांब्याच्या तारा बाजूला सारून आम्ही नकाशा पसरायचो. चहाचा डाग पडला की भांडण ठरलेलं.

चौथा भाग मात्र तळहातावर मावणारा होता. नकाशा पानापानांत, आणि फाशाऐवजी पुठ्ठ्यात बसवलेली फिरती चकती. पत्रकात लिहिलं होतं, बसच्या रांगेत खेळा, झाडाखाली खेळा. ते वाचल्यापासून इंदूबाई रुमालाची घडी हातात धरून 'एवढं असन का हो?' असं भेटेल त्याला विचारत होत्या.

पण सगळ्यांत जास्त जीव टांगणीला लागला होता तो देवरावांचा. दोन वर्षं ते खेळलेच नव्हते.

त्याचं असं झालं. तिसऱ्या भागात एक साठ फूट खोल विहीर लागते. तळाशी पाणी, पाण्याखाली दार. पुस्तकात हुकूम होता: 'पंप काठावर ठेवून पाणी उपसावे. पाणाड्याने फासा टाकावा.' आम्ही देवरावांच्या हातात फासा दिला. त्यांनी तो खाली ठेवला.

"नाई टाकत."

"काहून?"

"काठावरचा पंप साठ फुटावरून पाणी ओढत नसते. पंचवीस फूट, लय झालं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं का पंप बी खाली उतरवा लागते. कोण्याही कास्तकाराले विचारा."

आम्ही हात जोडले. इंदूबाई तर चिडून उठूनच गेल्या होत्या. पण होणार नाही त्या कामाला देवराव हात लावेनात. फासा टाकला नाही, तर नियम सरळ होता: सोबत्यांनी लांबच्या वाटेने जावं, पाणाड्या पुढचा भाग येईपर्यंत विहिरीवरच. तेव्हापासून हा माणूस दर रविवारी आम्हाला चहा करून द्यायचा, नकाशाचे कोपरे धरून बसायचा आणि आमचा घरंगळलेला फासा उचलून द्यायचा. आमची लांबची वाटही शेवटी फिरून त्याच विहिरीशी आली, तेव्हा ते गालातल्या गालात हसले होते. त्यांनी चंपतरावांना पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. आता चौथ्या भागात विहिरीचं काय केलंय, त्यावर पाणाड्या खेळात परत येणार की नाही ते ठरणार होतं.

दार उघडलं. एकच रेटारेटी! वकीलसाहेबांचा चष्मा पडता पडता वाचला. पाच मिनिटांत आम्ही तिघं तीन पिवळी पुस्तकं घेऊन समोरच्या ओट्यावर बसलो. शाईचा वास अजून ओला होता. देवरावांनी हात पँटला तीनतीनदा पुसले, पुस्तक घेतलं आणि मिटलेलंच इंदूबाईंपुढे केलं.

"तुमीच वाचा बाई. माझी छाती धडधडून राहिली."

इंदूबाई वाचू लागल्या. "'मागील भागात आमची चूक झाली. काठावरचा पंप साठ फुटांवरून पाणी ओढत नाही, असे नागपूरच्या एका पंपमिस्त्रींनी कळवले. तरी पंप विहिरीत उतरवून, पाण्याच्या वर पंधरा फुटांवर, कपारीत बसवावा.'"

देवराव ताडकन उभे राहिले. "तो पंपमिस्त्री मी हो!" ते अख्ख्या गल्लीला ओरडून सांगू लागले. "मी लिवलं होतं कार्ड! मी!" वकीलसाहेबांनी येऊन हात मिळवला. उमरेडच्या भावांनी पाठ थोपटली. एवढा आनंदलेला माणूस मी क्वचितच पाहिला असेल. मलाही उगाचच आपण मोठे झाल्यासारखं वाटत होतं.

"पुढं वाचा, पुढं वाचा!"

"'पंप सुरू झाला आहे. दार उघडे आहे. पाणाड्याने आता चकती फिरवून सोबत्यांबरोबर दारातून जावे. लाल घर आल्यास मागे पंप हवा धरून बंद पडेल, पाणी चढेल आणि तिघेही बुडतील. किंवा पाणाड्याने पंपाजवळ थांबावे. सोबती सुखरूप पोचतील. पाणाड्या मात्र पुढील भागापर्यंत तिथेच राहील.'"

मी घाईघाईने चकती पाहिली. आठ घरं. लाल एकच.

"फिरवा देवराव! आठात एकच लाल आहे. निघालोच आपण!"

त्यांनी चकतीवर अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढून घेतला.

"अन ते एक आलं तं?"

"अहो, खेळ आहे हा!" इंदूबाई कळवळून म्हणाल्या. "अजून दोन वर्सं बसान का?"

"खेळ आहे बाई. पण पंप माझ्या म्हणण्यावरून खाली उतरवला न त्यायनं? तुमी दोघं तिकडं दारात, अन मी चालू पंप सोडून येऊ? मिस्त्री असा जात नसते."

मला त्यांचा भयंकर राग आला. दोन वर्षं ज्या पाळीची वाट पाहिली ती अशी हातची सोडायची? आणि रागावलो असतानाच माझे डोळे भरून आले, ते मी पुस्तकात खुपसले.

देवरावांनी आपलं पिवळं पुस्तक मिटून शर्टाच्या खिशात ठेवलं. ते बरोब्बर मावलं. मग भिंतीला टेकून ते ऐटीत मांडी घालून बसले.

"जा न आता," ते म्हणाले. "मी आहो इथं."

इंदूबाईंनी पान उलटलं.