काखेतली गाठ

गुरुवारी दुपारी तानुबाई ओट्यावर मूग पाखडत बसली होती. विधवा सून लता सुरतेहून यायची होती. १९९४चा सप्टेंबर संपत आला होता. सुरतेत प्लेग पसरला होता आणि कापड कारखान्यांतली माणसं मिळेल त्या गाडीने खानदेशात परतत होती.

साक्री तालुक्यातल्या या गावात साथीआधी घोषणा पोचली. सोमवारी नर्स कुंदाबाई फवारणीची माणसं घेऊन आल्या, तेव्हा निवडणुकीच्या तयारीला लागलेले गावचे पुढारी अभिमननाना यांनी त्यांना वेशीवरूनच परत पाठवलं. शाळेच्या भिंतीवर चुन्याने लिहवून घेतलं : ‘माझं घर, माझी मर्जी!’ टाळ्या पडल्या. तानुबाईचा धाकटा मुलगा मोतीलाल त्यात पुढे होता.

लता एस.टी.तून उतरली तेव्हा फाट्यावर हाच मोतीलाल उभा होता. थोरल्या भावाच्या वाट्याचं अर्धं घर लताच्या नावावर होतं. ते त्याला हवं होतं.

“काखमा काय शे, वहिनी?”

“गाठ शे,” लता म्हणाली. तिच्या काखेत कपड्यांची पोटली होती. इकडे पोटलीला गाठच म्हणतात.

ती घरापर्यंत पोचायच्या आत गावभर झालं : लताच्या काखेत प्लेगची गाठ आली आहे.

दारासमोर गर्दी जमली. लताने पोटली सोडून दाखवली. दोन लुगडी, सासूसाठी सुरतेची मिठाई, घारी.

“हाई शे ती गाठ. भिंतवर काय लिखेल शे, नाना? मनं घर, मनी मर्जी ना?”

“ते सरकारले सांगाले शे,” अभिमननाना म्हणाले, “तुले नही.”

कोणीतरी हसलं.

बातमी ऐकून कुंदाबाई आल्या. त्यांनी लताला आडोशाला नेऊन तपासलं. “ताप नाही, गाठ नाही. सात दिवस वेगळ्या खोलीत राहू दे, गोळ्या घेऊ दे. मी रोज येईन.”

“बाई सरकारनी शे,” मोतीलाल म्हणाला. “तिना काय भरोसा?”

तानुबाई सूप ठेवून उठली. “मोत्या, गाठ म्हंजे काय, तुले ठाऊक नही का रे?”

मोतीलालने नानांकडे पाहिलं.

“अक्का, घर तुमनं, पन गाव बठ्ठास्नं, सगळास्नं शे,” नाना म्हणाले. “सात दिन तिले नाल्याना पल्याड ठेवा.”

“मंग मी भी पल्याड जासू. मूग कोन पाखडस ते पाहा!” तानुबाईने लताचा हात धरून तिला आत नेलं. वळून कुंदाबाईंना म्हणाली, “तुमना फवारा आना, बाई. पहिले मना घरमा मारा.”

कुंदाबाईंनी गर्दीला विचारलं, “आणखी कोणाला गोळ्या हव्यात?”

कोणी पुढे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या दाराशी नानांची बायको झुंबरबाई उभी होती. तिला पाच माणसांच्या गोळ्या हव्या होत्या.

“नाना भी खातीन,” ती हळूच म्हणाली. “पन त्यास्नं नाव लिखू नका, बाई.”

“घेईल त्याचं नाव लिहावं लागतं,” कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि लताच्या नावाखाली नानांचं नाव आडनावासकट लिहिलं.