दुर्बीण आणि उकडा दाणा

आमच्या हरमल गावात भाड्याच्या स्कूटरी वाढल्यापासून मोरी या आमच्या कुत्रीचे एकही पिल्लू फार दिवस जगले नाही. तिला यापुढे पिल्ले होऊ नयेत, हे माझी पत्नी गंगा हिलाही मान्य होते. परंतु मोरीचे पोट फाडण्यास तिचा सक्त विरोध होता. आमचा मुलगा गौरेश याच्या जन्मावेळी स्वतःच्या पोटाचा टाका चिघळून तिने जे भोगले, ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून पेडण्याच्या कुत्र्यांच्या नसबंदी शिबिरात हे काम दुर्बिणीने होते असे ऐकताच मी तिला वचन दिले की, पोटास सुरीदेखील लागणार नाही.

दुर्बीण म्हणजे दुरून पाहण्याचे यंत्र, अशी आम्हा उभयतांची समजूत होती. तेव्हा शिबिरातील डॉक्टर सिद्धी यांना मी नम्रपणे विचारले की, कुत्रीला किती अंतरावर धरून उभा राहू?

"काका, दुर्बीण पोटाच्या आत जाते," असे म्हणून त्यांनी पेन्सिलीहून बारीक नळी दाखवली. तिच्यासाठी पोटास दोन छिद्रे पाडावीच लागतात.

माझे वचन तेथेच मोडले. मोरीला तसेच परत न्यावे, तर पुन्हा पिल्ले आणि पुन्हा त्या स्कूटरी. अखेर मी गंगेला फोन करून सत्य कथन केले. पलीकडे पाववाल्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजत होता.

"भोक केवढा?" तिने विचारले.

"उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा."

"मगे करूक सांगा. पण तुमी थंयच रवा. आत काय दिसता, ता माका येऊन सांगा."

डॉक्टरांनी मला काचेबाहेर उभे करून दुर्बिणीचे चित्र दाखवणारा पडदा माझ्याकडे वळवला. वायूने फुगवलेल्या पोटात चिमुकला दिवा शिरला आणि एक गुलाबी, ओलसर प्रदेश प्रकट झाला. बीजकोश मला सोललेल्या ओल्या काजूगरासारखा भासला. तापलेल्या चिमट्याने तो सुटा केला, किंचित धूर निघाला. रक्त जवळजवळ नाहीच. पोट आतून इतके नीटनेटके असते, हे मला ठाऊक नव्हते.

घरी येताच गंगेने तांदळाच्या डब्यातला कोरडा दाणा काढून मोरीच्या भादरलेल्या पोटाशी धरला. छिद्र मोठे होते. मी मान खाली घातली.

ती उठली आणि पेजेच्या मडक्यातून एक दाणा घेऊन आली.

"ह्यो जुळता," ती म्हणाली. "तुमी शिजलेलो दाणो म्हणूचो होतो."

मग पाट ओढून ती माझ्यासमोर बसली. "आता सांगा, आत काय दिसला?"