हातांना आठ दिवस सुट्टी

बँकताईने ओल्या फडक्याने मशीनची काच पुसली, पदराने कोरडी केली आणि दोरवालीचा उजवा अंगठा पुन्हा एकदा तिच्यावर दाबून धरला. लाल दिवा लागला. ठसा जुळत नाही, असं मशीनमधल्या बाईने गोड आवाजात सांगितलं. सकाळपासून तिचं हे दहावं सांगणं होतं.

"आता डावी करंगळी तेवढी राहिली, मावशी."

"ती तरी कशाला रुसेल?" म्हणत दोरवालीने करंगळी पुढे केली. करंगळीही रुसली.

पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसलेल्या बायका हसल्या. दर मंगळवारी बँकताई स्कूटरवरून या वस्तीत यायची आणि याच ओट्यावर तिची बँक भरायची. एक मशीन, एक वही, पावत्यांच्या कागदाची छोटी गुंडाळी आणि शिक्का. खरी शाखा दोन बस बदलून गाठावी लागे, आणि तिथे गेलं तरी ठसा घ्यायला असलंच मशीन.

"पायाचे चालतात का गं पोरी?" दोरवाली म्हणाली. "तेही दहा आहेत."

या वेळी बँकताईला हसू आलं नाही. तिने दोरवालीचा तळवा उलटा करून उजेडात धरला. चाळीस वर्षं वाखाचे धागे पिळून बोटांची टोकं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. त्यांवर एक रेघ म्हणून नव्हती. पैसे भरायला ठसा लागत नसे, म्हणून दोन वर्षं हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काढायची वेळ आली तेव्हा कळलं.

आणि वेळ तशीच आली होती. दोरवालीच्या नवऱ्याचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्यात दाब वाढलाय, डॉक्टर म्हणाले होते, वीस तारखेला बाहेरचे मोठे डॉक्टर येतात, त्या दिवशी शस्त्रक्रिया झाली तर झाली. नाहीतर हाही डोळा महिनाभराचाच. चार हजार भरायचे होते. खात्यात पाच हजार चारशे होते. बँकताईनेच वहीतल्या पावत्यांची बेरीज करून सांगितलं होतं.

"हातांना सुट्टी द्या, मावशी," ती म्हणाली. "आठ दिवस. दोर नाही, भांडी नाही, राख-माती काही नाही. रोज तेल लावा. कातडी नवी येते, रेघा उमटतात. एका गवंड्याच्या उमटल्या होत्या."

"आठ दिवस?" दोरवालीने बोटांवर मोजलं. "आज बारा. म्हणजे पुढचा मंगळवार एकोणीस. आणि वीसला डॉक्टर."

"जमतंय की."

"जमवायलाच हवं." तिने हात पदरात गुंडाळले, जणू काही आतापासूनच सुट्टी सुरू झाली होती. उठताना आधारासाठी हात टेकायचीही तिला चोरी झाली. शेजारणीने दंडाला धरून उठवलं.

शुक्रवारी बँकताई पलीकडच्या गावाला जाताना मुद्दाम दोरवालीच्या घरावरून गेली. अंगणात दोर वळायचं लाकडी चाक उभं होतं, आडवं कापड टाकून झाकलेलं. दोरवाली उंबऱ्यात बसली होती, दोन्ही पंजे जुन्या सुती चिंध्यांत बांधलेले, मांडीवर ठेवलेले. दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला दिल्यासारखी ती त्यांच्याकडे बघत होती. आत म्हातारा भांडी घासत होता. नीट दिसत नसल्यामुळे प्रत्येक भांडं तो दोनदा घासत होता.

"लग्नानंतर पहिल्यांदा बसून खातेय," ती म्हणाली. "आयतं मिळालं की तोंड कसं कडू होतं, ते कळलं बघ."

"व्यापारी आला होता?"

"आला होता. गुरांची तीस दावी हवी होती त्याला, उद्याच. मी हात दाखवले. तो म्हणाला, मग मी नायलॉनची घेतो." तिने मांडीवरचे पंजे सारखे केले. "घेऊ दे. एक डोळा म्हणजे काय तीस दावी नाहीत."

आतून म्हाताऱ्याने विचारलं, "कोण आलंय गं?"

"आपली बँकेची पोर."

"पाणी दे तिला. नाही, थांब, मीच देतो." आणि तो भिंत चाचपत तांब्या घेऊन आला. बँकताई पाणी प्यायली. तहान नव्हती.

मंगळवारी ओट्यावर गर्दी होती. पैसे काढायचे नसलेल्या बायकाही आल्या होत्या. दोरवालीचे हात बघायचे म्हणून कोणाला घरी राहवत नव्हतं. तिने चिंध्या सोडल्या. बोटं तेलाने मऊ, फिकट, बाळंतिणीच्या खोलीतून आल्यासारखी दिसत होती. बँकताईने एक एक बोट पुसलं आणि अंगठा काचेवर ठेवला. तिने स्वतःही श्वास रोखला होता.

हिरवा दिवा लागला.

कोणीतरी टाळी वाजवली. गिरणीवाला दारात येऊन "वाजवा रे वाजवा" म्हणाला. दोरवाली मात्र अंगठा उचलायलाच तयार नव्हती. उचलला तर दिवा विझेल असं तिला वाटत असावं.

बँकताईने चार हजारांचा आकडा टाकला. मशीनने नकार दिला. शिल्लक अपुरी. तिने पुन्हा टाकला. मग शिल्लक काढून पाहिली, आणि पावतीचा तो इवलासा कागद हातात धरून तशीच बसली.

आठशे चाळीस.

"काय झालं?" दोरवालीने विचारलं.

"थांबा, मावशी." बँकताईने मागचे व्यवहार काढले. मशीन कुरकुर करत कागद ओकू लागलं. दर महिन्याच्या पाच तारखेला एकशे नव्वद. पुन्हा एकशे नव्वद. चोवीस ओळी, एकीसारखी दुसरी. प्रत्येकीपुढे त्याच योजनेचं नाव.

योजनेचं नाव वाचलं आणि तिला तो दिवस जसाच्या तसा आठवला. महिनाअखेर होती. म्हातारपणी निवृत्तिवेतन देणाऱ्या नव्या योजनेत प्रत्येक प्रतिनिधीने चाळीस माणसं बसवायची, असं शाखेतून फर्मान आलं होतं. तिची एकोणचाळीस झाली होती. चाळीस भरली नसती तर मशीन काढून दुसऱ्याला दिलं जाणार होतं. त्या दिवशी दोरवाली पहिल्यांदा खातं उघडायला आली होती. वय काय, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, मोठा पूर आला त्या वर्षी माझं लग्न झालं. योजनेची अट होती चाळिशीच्या आत. बँकताईने अडतीस लिहिलं होतं आणि खाली शाईचा अंगठा घेतला होता. दोन महिन्यांनी आपणच बंद करून टाकू, असं ठरवलंही होतं. मग दुसरी महिनाअखेर आली, दुसरं फर्मान आलं.

"कापून गेलेत," ती म्हणाली. "एका योजनेत जमा होतात. बुडाले नाहीत, मावशी. तुमच्याच नावावर आहेत."

"मग तिथून काढ."

"तिथून आत्ता निघत नाहीत. साठ वर्षं पूर्ण झाल्यावर दरमहा मिळायला लागतात."

"झाली असतील की माझी साठ."

वस्तीतली एक शिकलेली सून वाकून कागद वाचत होती. तिनेच सांगितलं, "इथे तुमचं वय चाळीस लिहिलंय, आजी."

दोरवालीने बँकताईकडे पाहिलं.

"तुझं किती गं?"

"त्रेचाळीस."

"म्हणजे मी तुझ्याहून धाकटी!" दोरवाली हसायला लागली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाकीच्या बायकांनीही हसायचा प्रयत्न केला, पण तो कोणाला साधला नाही. हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "वीस वर्षं थांबायचं म्हणजे. आणि उद्याचं काय?"

"मी शाखेत जाते. आत्ताच जाते."

गेली ती खरी. शाखेतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"रद्द करता येईल. हा अर्ज. खातेदाराचा अंगठा, खऱ्या वयाचा पुरावा, आणि चुकीचं वय कोणी लिहिलं त्याचा खुलासा. पैसे दीड महिन्याने खात्यात येतील."

"दीड महिना?"

"आणि खुलासा वाचल्यावर वरचे लोक तुम्हाला ठेवतील असं मला वाटत नाही. तुमच्या त्या चाळिसांत आणखी किती जणांची वयं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "विचार करा. घाई नाही."

शाखेबाहेर बसस्टँडच्या बाकावर बसून तिने फोनवर स्वतःचं खातं उघडलं. अठराशे होते. स्कूटरचा हप्ता पंचवीस तारखेला, धाकटीची शाळेची फी त्याच्याही आधी. तिने तो आकडा दोनदा पाहिला आणि फोन बंद करून पर्समध्ये ठेवला. अर्जही तिथेच ठेवला, चार घड्या घालून.

वीस तारीख आली आणि गेली. पुढच्या मंगळवारी बँकताईने अंगात कणकण असल्याचं कळवलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी ती वस्तीत आली, तेव्हा ओट्यावर कोणीच नव्हतं. तासभर ती मशीन मांडून बसली. गिरणीवाल्याने एकदा बाहेर डोकावून पाहिलं आणि पट्टा चालू केला. त्या आवाजात बोलायची सोयच राहिली नाही.

मग तिने पर्समधला अर्ज काढला. खुलाशाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, की वय मी लिहिलं, खातेदाराला माहीत नव्हतं. खाली सही केली. शाई वाळेपर्यंत थांबली आणि चालत दोरवालीच्या घरी गेली.

अंगणात चाक फिरत होतं. म्हातारा ते फिरवत होता, मान वर, तोंड आभाळाकडे. समोरच्या चिंचेचा पाला त्याच्या तोंडावर पडला तरी त्याने पापणी हलवली नाही. दुसऱ्या टोकाला दोरवाली कमरेच्या झोळीतून वाख सोडत, पीळ सांभाळत पाठीमागे चालत होती. अंगणापासून रस्त्यापर्यंत दोर ताणलेला होता. बँकताईला बघून ती थांबली नाही, तिची चाल तेवढी मंदावली.

बँकताई तिच्या बरोबरीने चालू लागली. चालता चालताच तिने सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही. तेव्हाचं फर्मान, अडतीस हा आकडा, त्या एका नावाचे साठ रुपये कमिशन मिळालं होतं तेही. मग अर्ज पुढे धरला आणि पर्समधून शाईची डबी काढली.

"याला मशीन लागत नाही, मावशी. शाईचा चालतो. फक्त इथे अंगठा ठेवा. तुमचे सगळे पैसे परत येतील."

दोरवालीने कागदाकडे पाहिलं. मग डबीकडे.

"त्या दिवशी पण असंच म्हणाला होतात तुम्ही, ताई," ती म्हणाली. "फक्त इथे अंगठा ठेवा."

तिच्या आवाजात राग नव्हता. दोन वर्षं जी 'पोरी' म्हणत होती, तिच्या तोंडून आलेला तो 'ताई' आणि तो 'तुम्ही' बँकताईने ऐकला, आणि पुढे केलेला हात तिला मागे घेता येईना.

"मी खरं सांगतेय, मावशी. माझी नोकरी जाणार आहे यात."

"खरंच असेल." दोरवालीने वाखाचा एक पुंजका बोटांनी सरळ केला आणि पिळात सोडला. "पण अंगठा नाही देणार मी. आता कोणालाच नाही."

"पैसे तसेच कापले जातील."

"पुढे खात्यात टाकले तर ना."

चाक थांबलं. पीळ सैल झाला तसा दोर मध्येच खाली लोंबला. म्हाताऱ्याने मान वळवली, पण आवाज जिकडून आला तिकडे नव्हे, थोडी भलतीकडेच.

"कोण आलंय गं?"

दोरवालीने दोर ताणून धरला.

"कोणी नाही," ती म्हणाली. "तुम्ही फिरवा."

चाक पुन्हा फिरू लागलं.