फिरकीवरची लाल रेघ

उर्वीने फिरकीवर पांढऱ्या पावडरीचा फवारा मारला. लाल रंग तिने आधीच लावून, मुरू देऊन, वरवरचा पुसून काढला होता. एखाद्या फटीत तो उरला असेल, तर आता पांढऱ्यावर उमटणार होता.

परळच्या त्या व्यायामशाळेतला टांगता मल्लखांब याच पितळी फिरकीवर लटकायचा. सध्या तो जमिनीवर आडवा होता. संध्याकाळी त्यावर प्रात्यक्षिक करणारी जुई हातापायांना तेल चोळत बाजूला बसली होती.

"झालं का गं पेंटिंग?" अप्पांनी विचारलं. उर्वी लहानपणी त्यांच्याच हाताखाली मल्लखांब शिकली होती. "बघ कशी चमकते. दर शनिवारी स्वतः घासतो."

"कशाने?"

अप्पांनी खिडकीतला डबा पुढे केला. उर्वीने झाकण उघडलं तसा तिच्या नाकात झिणझिणलं.

"यात अमोनिया आहे, अप्पा. पितळ सतत ताणाखाली असलं की ते याने तडकतं. ना गंज दिसत, ना झीज."

"म्हणजे मी घासून घासून तोडतोय?" अप्पा हसले. "इंजिनीअर झालीस म्हणून काय पण सांगशील? हिच्यावर पैलवान लटकवलेत मी. जुई, ऊठ. टांगूया."

जुई उठली, पण उर्वीकडे बघत तिथेच थांबली.

"टांगायचा नाही," उर्वी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. फिरकी तेवढी त्यांच्यासमोर धरली.

पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली होती. बघता बघता तिला फांद्या फुटल्या.

अप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि अंगठ्याने रेघ पुसून टाकली. उर्वीने पुन्हा फवारा मारला. रेघ त्याच जागी परत आली.

"नवी पोलादी आणू," ती म्हणाली. "प्रात्यक्षिक उद्या करू. आणि यापुढे दर महिन्याला मी येऊन असंच तपासणार."

डब्याचं झाकण लावता लावता अप्पांचा हात थांबला. त्यांनी खिशातून फोन काढून घरी लावला. सुनेने उचलला.

"बकुळा, बाळ खंय आसा?"

बाळ पाळण्यात झोपल्याचं पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं.

"बारशाक पाळण्याच्या पितळी कड्यांका मीच पॉलिश मारलंय," अप्पा म्हणाले. "उचल त्याका. आधी उचल, मगे इचार."